पायाचा हिशेब

पिंपळे गुरव, सांगवी, वाकड या आपल्या परिसरात कार्यालयांच्या उंच इमारती उभ्या राहत आहेत. निवृत्तीचा निधी किंवा जुन्या दुकानाच्या विक्रीची रक्कम अशा इमारतीतील गाळ्यात गुंतवावी काय, याची चर्चा अनेक कुटुंबांत चालू असते. या संदर्भात मुंबईच्या नरिमन पॉइंटचा इतिहास उद्बोधक ठरेल, कारण गगनचुंबी कार्यालयांची परंपरा आपल्या राज्यात तेथेच रुजली.

ही जागा म्हणजे बॅकबेच्या समुद्रात भर घालून मिळवलेली जमीन. ती कल्पना १८६० च्या दशकातील. कापसाच्या तेजीत भरावाच्या कंपनीचे समभाग बेसुमार वधारले. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच भाव कोसळले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धुरंधर व्यापारीही होरपळले आणि १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे बंद पडली. १९२० च्या दशकात सरकारने हे काम पुन्हा हाती घेतले, पण खर्च फुगत गेला. तेव्हा खुर्शेद नरिमन या वकिलाने जाहीरपणे जाब विचारला. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरण्यात आला. त्यातून ते निर्दोष सुटले. आज ती जागा हिशेब मागणाऱ्या याच माणसाच्या नावाने ओळखली जाते.

तेथे १९७४ मध्ये एअर इंडियाची २३ मजली इमारत पूर्ण झाली. तिचे वास्तुविशारद अमेरिकेचे जॉन बर्गी. भरावाच्या जमिनीवर एवढा भार थेट टाकता येत नाही. काँक्रीटचे पाइल खाली उतरवून तो कठीण थरापर्यंत पोहोचवावा लागतो. उंचीबरोबर वाऱ्याचा आडवा जोरही वाढतो. म्हणून उंच इमारतींत सहसा लिफ्ट व जिन्यांभोवती काँक्रीटच्या भक्कम भिंतींचा गाभा उभारतात. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटात या इमारतीत जीवितहानी झाली, परंतु सांगाडा टिकला. २०२४ मध्ये ती १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र शासनाकडे देण्यास केंद्राने मंजुरी दिली.

पाया जमिनीत गाडला जातो, तसा प्रकल्पाचा पैसाही ग्राहकाच्या नजरेआड असतो. तो पाहण्याची सोय २०१६ च्या रेरा कायद्याने केली असून कार्यालयांचे गाळेही त्याच्या कक्षेत येतात. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांनंतरच, झालेल्या कामाच्या प्रमाणात ती काढता येते. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातील दोष आढळल्यास विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो.

म्हणून आरक्षणाचा धनादेश लिहिण्यापूर्वी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासावा. जमिनीवर कोणाचे कर्ज आहे, हे पाहावे. माती परीक्षणाचा अहवाल, संरचना अभियंत्याचे नाव आणि अग्निशमन विभागाची परवानगी मागावी. कागद दाखवण्यास टाळाटाळ होत असेल, तर आयुष्याची पुंजी तेथे गुंतवू नये.