जुने पीडीएफ रीडर हटवा

सरकारी कार्यालयांतील जुने, अवजड पीडीएफ रीडर तातडीने काढून टाकले पाहिजेत, असे आमचे ठाम मत आहे. विंडोज १० चे मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यावर संगणक बदलले जात आहेत, तेव्हाच हेही काम उरकावे.

पीडीएफमध्ये जावास्क्रिप्ट कोडही दडवता येतो. निविदा म्हणून आलेली फाइल लिपिकाने कालबाह्य रीडरमध्ये उघडली, तर त्या टेबलावरच्या साऱ्या नागरिकांच्या नोंदी चोरांच्या हाती लागू शकतात. नुकसान त्या नागरिकांचे होते, कार्यालयाचे नव्हे.

पीडीएफ २००८ पासून खुले आंतरराष्ट्रीय मानक आहे. सुमात्रा पीडीएफ हा रीडर हलका आहे, ओक्युलर हा रीडर तर डिजिटल सहीही तपासतो. मग एकाच कंपनीच्या रीडरचा आग्रह का? शासनाने सुरक्षित पर्यायांची यादी जाहीर करावी आणि ती प्रत्येक तहसील कार्यालयात अमलात आणावी.