धावपटूचे शरीर घडते केव्हा?

झेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक सरावाच्या बाबतीत जवळजवळ वेडाच होता. चारशे मीटर वेगाने धावायचे, थोडे हळू धावायचे, की पुन्हा वेगाने. अशा कितीतरी फेऱ्या तो एका दिवसात मारायचा, कधी कधी तर लष्करी बूट घालून! १९५० साली ब्रुसेल्सच्या युरोपीय स्पर्धेच्या तोंडावर त्याला अन्नातून विषबाधा झाली. सराव बंद पडला, रुग्णालयात पडून राहावे लागले. तेथून तो सुटला तेव्हा स्पर्धेला अगदी थोडे दिवस उरले होते. अशा माणसाकडून कोणी काय अपेक्षा करावी? पण त्याने पाच हजार आणि दहा हजार मीटर ह्या दोन्ही शर्यती सहज जिंकल्या.

आजारपण फायद्याचे असते, असा ह्याचा अर्थ नव्हे. पण सक्तीच्या विश्रांतीने त्याचे नुकसान केले नाही, उलट आधीच्या कष्टांचे चीज झाले, असे प्रशिक्षक मानतात. कारण धावताना शरीर बळकट होत नसते, ते झिजत असते. स्नायूंतील साखरेचा साठा रिता होतो, त्यांचे तंतू दुखावतात. दुरुस्ती होते ती नंतर, जेवणातून आणि झोपेतून. ही दुरुस्ती करताना शरीर पूर्वीपेक्षा थोडी जास्त तयारी करून ठेवते. पुढच्या वेळी धावणे सोपे वाटते, ते ह्यामुळे.

मात्र शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. सर्वांत आधी, अगदी आठवडाभरात, रक्तातील द्रवाचा भाग वाढतो. मग हृदय. त्याचा डावा कप्पा मोठा होतो, एका ठोक्यात अधिक रक्त फेकले जाते आणि विश्रांतीतील नाडी मिनिटाला सत्तरवरून पन्नासच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरते. स्वीडनच्या हेन्शेन ह्या डॉक्टरांनी १८९९ मध्ये बर्फावर घसरत जाणाऱ्या स्कीपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून त्यांचे हृदय मोठे असल्याचे ओळखले होते. पुढे कित्येक वर्षे बरेच डॉक्टर ह्याला रोगच समजत राहिले! स्नायूंचेही तसेच. अमेरिकेत जॉन होलोझी ह्यांनी उंदरांना फिरत्या पट्ट्यावर काही आठवडे पळवले आणि त्यांच्या स्नायूपेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या, म्हणजे मायटोकाँड्रिया, खूप वाढल्याचे १९६७ मध्ये दाखवून दिले.

खरी मेख आहे ती हाडांत. ताण पडला म्हणून हाड लगेच मजबूत होत नाही. आधी तेथील जुने हाड पोखरून काढले जाते, मग त्या जागी नवे भरले जाते. जुनी भिंत पाडून नवी बांधावी, तसेच हे. पोखरण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते. भरायला मात्र सुमारे तीन महिने लागतात आणि नवे हाड पक्के व्हायला त्याहूनही जास्त. मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा कच्ची असते. नेमके तेव्हाच दम लागेनासा झालेला असतो आणि पळणाऱ्याला वाटते, आता अंतर दुप्पट करावे!

प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाऊप्ट ह्यांनी १८५५ मध्ये कूच करून सुजलेल्या सैनिकांच्या पावलांची नोंद केली होती. ही हाडाला गेलेली चीर आहे, हे क्ष-किरणांचा शोध लागल्यावरच कळले. आज दिवाळीनंतर सराव सुरू करून जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन पळायला निघालेल्या हौशी मंडळींचे दुखणे बरेचदा ह्याच जातीचे असते. नडगीवर किंवा पावलावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, तर पळणे ताबडतोब थांबवावे आणि अस्थितज्ज्ञाला दाखवावे. सुरुवातीच्या एक्स-रेत चीर दिसत नाही, म्हणून निर्धास्त राहू नये.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. सरावाने रक्तातील द्रव वाढला, की हिमोग्लोबिनचा आकडा थोडा कमी दिसतो. हे खरे असले, तरी आपल्या देशात तेवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. त्यात धावणाऱ्या मुलीच्या शरीरातून घामावाटे आणि पावलांच्या आघातानेही थोडे लोह जाते. तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर लोहाच्या साठ्याची, म्हणजे फेरिटिनची, तपासणीही करून घ्यावी.

आणि पाळी? ‘खूप पळते ना, म्हणून चुकली असेल,’ असे म्हणून घरचे विषय सोडून देतात. वास्तविक सरावाच्या मानाने पोटात अन्न कमी जात असल्याची ती सूचना असते. खर्चाला पुरेनासे झाले, की शरीर आधी हा खर्च बंद करते, आणि त्याबरोबर हाडांची भरणीही मंदावते. वजन कमी झाले की वेळ सुधारते, ह्या समजुतीने ताटातली भाकरी कमी करणाऱ्या मुलींत हे विशेष दिसते. लागोपाठ तीन महिने पाळी आली नाही, तर पुढच्या स्पर्धेची वाट न पाहता मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यावे, आणि ती रोज काय व किती खाते, हेही त्यांना सांगावे.