पाटी मराठी, ताट कुणाचे?

रविवारी रात्री आठच्या सुमारास अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंडमधल्या कोणत्याही बऱ्यापैकी हॉटेलात जायचे, तर दारात ताटकळण्याची तयारी ठेवावी लागते. वही घेऊन उभा असलेला मुलगा आडनाव आणि माणसांचा आकडा लिहून घेतो. त्या वहीत शहा, मेहता, शेट्टी असतात, तसेच कदम, साळवी, कुलकर्णी, पाटीलही असतात. मात्र टेबल मिळाल्यावर समोर येणाऱ्या मेन्यूकार्डात या शेवटच्या चौघांच्या घरचे काहीही नसते. पनीरचे डझनभर प्रकार, नूडल्स, सिझलर, पास्ता आणि हल्ली मेक्सिकनही. महाराष्ट्राची आठवण करून देणारी दोनच नावे सापडतात, ‘व्हेज कोल्हापुरी’ आणि ‘व्हेज मराठा’. दोन्ही पंजाबी लाल ग्रेव्हीत तिखट वाढवून केलेल्या भाज्या, ज्या कोल्हापूरच्या घरात कुणी रांधत नाही. याचा दोष एक तर हॉटेलवाल्यांवर टाकला जातो, नाही तर ‘मुंबईत मराठी माणूस उरलाच कुठे’ या सुस्काऱ्यावर. दोन्ही कारणे सोयीची आहेत आणि दोन्ही चुकीची. उपनगरातल्या हॉटेलात रात्रीचे मराठी जेवण मिळत नाही, कारण तिथे बसणारे मराठी गिऱ्हाईक ते मागत नाही, आणि कुणी ठेवलेच तर त्याला दाम मोजत नाही.

हॉटेलवाला गिऱ्हाइकाच्या मागणीपुढे किती वाकतो, हे पाहायला लांब जायला नको. घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीतल्या हॉटेलांत ऑर्डर घेणारा वेटर पदार्थाच्या आधी ‘जैन की रेग्युलर?’ असे विचारतो. जैन म्हणजे कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, गाजर-मुळा नाही. मुंबईच्या पावभाजीतून कांदा, लसूण आणि बटाटा काढला तर उरते काय, असे कुणालाही वाटेल. स्वयंपाकघराने त्यावर उपाय काढला, बटाट्याऐवजी कच्ची केळी घातली. पिझ्झा जैन झाला, मंचुरियन जैन झाले, सांबारही जैन झाले. अनेक ठिकाणी त्यासाठी वेगळी भांडी आणि वेगळी ग्रेव्ही ठेवावी लागते, म्हणजे जागा, माणूस आणि पैसा तिन्ही खर्ची पडतात. यासाठी कुणी मोर्चा काढला नव्हता, की सरकारने अध्यादेश काढला नव्हता. वर्षानुवर्षे एका समाजाच्या कुटुंबांनी प्रत्येक टेबलावर बसून तोच प्रश्न विचारला आणि ‘नाही’ असे उत्तर आले की ती उठून गेली. घाटकोपरच्या खाऊगल्लीत डोशाच्या पोटात शेझवान सॉस, चीज आणि पावभाजी जाते, तीही याच न्यायाने. मेन्यूकार्ड म्हणजे गेल्या काही वर्षांत गिऱ्हाइकांनी काय मागितले, याची नोंदवही असते. त्या वहीत आपली नोंद नाही, याचा अर्थ ती आपण केली नाही.

कुणी म्हणेल, मराठी पदार्थ हॉटेलात मिळतातच की! मिळतात, पण सूर्यास्तापर्यंत. उपनगरातल्या नमुनेदार उडुपी हॉटेलाचा दिवस पाहावा. सकाळी इडली-मेदूवड्याच्या शेजारी कांदेपोहे आणि मिसळ असते, चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याची खिचडी असते, दुपारी चारला बटाटेवडा असतो. श्रावणात आणि नवरात्रात तर उपवासाच्या पदार्थांची वेगळी पाटी लागते. संध्याकाळचे सात वाजले की हे सारे अंतर्धान पावते आणि तंदूर पेटतो. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी 1966 च्या सुमारास वडापाव सुरू केला, असे मानले जाते. दादरच्याच ‘आस्वाद’च्या मिसळीला 2015 मध्ये ‘फूडीहब’च्या पुरस्कारांत जगातल्या सर्वात चवदार शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला. या कौतुकाच्या दोन्ही गोष्टी नाश्त्याच्या आहेत, उभ्याने किंवा घाईने खाण्याच्या. वाढदिवस असो, पगाराचा पहिला शनिवार असो, मुलाचा दहावीचा निकाल असो, मराठी कुटुंब ऐसपैस बसून ज्या ताटावर पैसे खर्च करते, त्या ताटात आपल्या पदार्थाला जागा नाही. पोटाला आधार म्हणून आपले खाणे चालते, प्रसंग साजरा करायला चालत नाही.

असे का झाले, याचे एक उत्तर शहराच्या इतिहासात आहे. मुंबईत मराठी जेवण विकले जाई ते खानावळीत. गिरणगावातल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळ जेवू घालणाऱ्या बायांनी हा धंदा चालवला. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी बँकेच्या कर्जाचा रस्ता दाखवला, इतका तो धंदा मोठा होता. पण खानावळ ही घरापासून तुटलेल्या पुरुषासाठी होती. बायकामुलांना घेऊन तिथे कुणी जात नसे. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, कामगार पांगला आणि खानावळीचा पायाच ढासळला. मराठी कुटुंबे उपनगरांत सरकली, खानावळ त्यांच्याबरोबर आली नाही. माटुंग्याचे उदाहरण याच्या उलट आहे. रामा नायक यांचे श्रीकृष्ण उडुपी बोर्डिंग 1942 पासून केळीच्या पानावर जेवण वाढते. त्याचा आरंभही घर सोडून नोकरीला आलेल्यांचे पोट भरण्यातूनच झाला. फरक पुढे पडला. दक्षिणी कुटुंबे नोकरदार बापाच्या मागून तिथे जेवायला जाऊ लागली, मग बाकीची मुंबई गेली. त्यांच्या बोर्डिंगचे हॉटेल झाले, आपल्या खानावळीचे झाले नाही. कारण खानावळीत जाणे हे आपण बायको गावी असल्याचे लक्षण मानले.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. जे घरी रोज होते, ते बाहेर जाऊन कशाला खायचे? हॉटेलात जायचे ते बदल म्हणून. वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद मुलुंड पूर्वेला किंवा पार्ल्यात संध्याकाळी एक फेरी मारली की डळमळतो. पोळीभाजी केंद्रांसमोर ऑफिसातून परतणाऱ्यांची गर्दी असते. घडीच्या पोळ्या, मटकीची उसळ, अळूची भाजी मोजून पिशवीत जाते. गणपतीत उकडीचे मोदक आणि होळीला पुरणपोळ्या आगाऊ मागणी नोंदवून आणल्या जातात. म्हणजे हे जेवण रोज घरी होते, हेच आता तितकेसे खरे राहिलेले नाही, आणि विकत घ्यायला आपण लाजतही नाही. अडते ते टेबल-खुर्चीपाशी. ‘पिठल्याला दोनशे रुपये?’ हा प्रश्न ज्याच्या तोंडून चटकन निघतो, तोच माणूस पनीरच्या सहा तुकड्यांना त्याहून अधिक मोजताना भुवई उंचावत नाही. वास्तविक दोन्ही ताटांत भाडे, वीज, पगार आणि जीएसटी सारखाच असतो. हॉटेलच्या बिलात कच्च्या मालाचा वाटा मर्यादितच. गुजराती माणसाला डाळ-ढोकळी घरी मिळत नाही का? तरीही गुजराती थाळीची हॉटेले त्याचीच कुटुंबे भरतात, आग्रहाने वाढून घेतात आणि पाहुण्यांनाही तिथेच नेतात. पाहुण्याला आपले खाऊ घालण्यात त्यांना मान वाटतो. आपण पाहुण्याला बटर नान खिलवतो.

दुसरा आक्षेप हॉटेलवाल्याचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. हॉटेलचे स्वयंपाकघर वेगावर चालते. लाल, पांढरी आणि हिरवी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या आधीच तयार असतात. ऑर्डर आली की पनीर, कोफ्ता किंवा मटार त्यात पडतो आणि काही मिनिटांत भाजी टेबलावर येते. तंदुरी रोटीची कणीक मळून ठेवता येते. ज्वारीच्या पिठाला मात्र चिकटपणा नाही, ते ऐनवेळी गरम पाण्यात मळावे लागते, भाकरी हाताने थापावी लागते आणि तव्यावरून उतरल्यावर लगेच वाढली नाही तर वातड होते. शिवाय ती थापणारा हात बाजारात सहज मिळत नाही. हे सगळे खरे आहे. पण यातून निघते इतकेच की पदार्थ डोळसपणे निवडले पाहिजेत. खानदेशी शेवभाजी जणू हॉटेलासाठीच जन्मली आहे: काळ्या मसाल्याचा रस्सा तयार ठेवायचा, शेव वाढताना घालायची. विदर्भाच्या पाटवड्या सकाळी थापून ठेवता येतात, रस्सा आयत्या वेळी. पिठले तर पनीरच्या भाजीपेक्षा लवकर होते. तीन ग्रेव्ह्यांच्या ओळीत भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा चौथा डबा ठेवला की निम्मे काम झाले. भाकरीसाठी संध्याकाळचे चार तास एक जाणती बाई लागेल. उपनगरांत असे काम शोधणाऱ्या बायका थोड्या नाहीत. मालवणी आणि कोल्हापुरी पद्धतीची हॉटेले गरम भाकरी रोज देतातच. जो धंदा डोसा घालणाऱ्यासाठी आणि तंदूरवाल्यासाठी दूरदूरहून माणूस आणतो, त्याला भाकरीवाली मिळत नाही असे नाही. तिच्या पगाराइतक्या भाकऱ्या खपत नाहीत, ही अडचण आहे. ती सोडवणे गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

तिसरा प्रश्न बारकाईने विचार करणारे विचारतात. मराठी जेवण म्हणजे नेमके कुणाचे? वऱ्हाडचे, देशावरचे, कोकणातले, आगरी-कोळ्यांचे? शेंगदाण्याचे कूट की ओला नारळ, गोडा मसाला की काळा? या वादात रस असावा, पण तो संपेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. हॉटेलात गेलेला कोणताही स्वयंपाक मूळ रूपात राहत नाही. मेन्यूकार्डावरचे ‘पंजाबी’ खाऊन अमृतसरचा माणूस कोड्यात पडेल. नेल्सन वांग यांनी 1975 च्या सुमारास मुंबईत चिकन मंचुरियन शिजवले, तेव्हा मांचुरियाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, आणि आज तेच अर्ध्या देशाचे ‘चायनीज’ आहे. हॉटेलच्या चुलीवर थोडी सरमिसळ झाली म्हणून घरची चूल बाटत नाही. उलट मेन्यूकार्डात सोलापूर, जळगाव, नागपूर आणि मालवण शेजारी आले, तर आपल्यालाच एकमेकांच्या जेवणाची नीट ओळख होईल. ती आज फारशी नाही.

उरतो तो संशय. हा सगळा आग्रह म्हणजे अस्मितेचे राजकारण ताटात आणणे नव्हे काय? संशय घ्यायला इतिहासाने जागा ठेवली आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस या शहरात उडुपी हॉटेलांवर दगड पडले आहेत. त्याने एकही मराठी हॉटेल उभे राहिले नाही. उडुपी हॉटेल टिकले आणि आज साबुदाण्याची खिचडीही तेच खाऊ घालते. सक्तीने काय होते आणि काय होत नाही, याचे ताजे उदाहरणही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2023 रोजी मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मुंबईतल्या पाट्या झपाट्याने देवनागरीत आल्या, ते योग्यच झाले; पाटीखालच्या ताटात मात्र काडीचा फरक पडला नाही. सरकारी मदतीनेही भागत नाही. 1995 मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. पुढे योजना गुंडाळली गेली आणि त्यातल्या कितीतरी टपऱ्यांवर वडापाव आणि चायनीज विकले जाऊ लागले. जागा राहिली, झुणका गेला. शिवाय त्या योजनेने आपल्या मनातली एक समजूत घट्ट केली, की भाकरी हे स्वस्ताईचे, गरजूंचे अन्न. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यावर तीच ज्वारी महागड्या कॅफेत पिझ्झ्याचा पाव होऊन आली, तेव्हा ती आपल्याला आरोग्यदायी वाटू लागली.

मागणी असली की काय घडते, हे माशांच्या ताटाने दाखवून दिले आहे. पार्ल्याच्या हनुमान रोडवरची ‘गजाली’ असो किंवा वांद्र्याच्या गांधीनगरातले ‘हायवे गोमांतक’, तिथे मराठी कुटुंबे सणासुदीला जातात, रांगा लावतात, सुरमईच्या तुकड्याला बाजारभावाने पैसे मोजतात आणि अमराठी मित्रांना सोलकढीची चव मुद्दाम दाखवतात. वेसाव्याच्या कोळी महोत्सवात तर कोळणींच्या हातचे खायला सारे शहर लोटते. घरी होत नाही म्हणून लोक तिथे जातात, असे म्हणता येत नाही. मालवणी माणूस घरी मासे खाऊनच हॉटेलात मासे खायला जातो. त्याने आपल्या ताटाची किंमत आधी स्वतः मानली, मग बाकीच्यांनी मानली. शाकाहारी मराठी ताटाच्या वाट्याला हे भाग्य दादर-गिरगावच्या पलीकडे फारसे आले नाही. ते आणायला संघटना लागत नाही, निधीही लागत नाही. वेटर वहीपेन्सिल घेऊन उभा राहिला की ‘शेवभाजी आहे का, पिठले-भाकरी मिळेल का’ असे मोठ्याने विचारावे. नकार आला तरी पुढच्या रविवारी पुन्हा विचारावे. आणि ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी घरच्या पिठल्याशी तुलना करत नाक न मुरडता पूर्ण बिल भरावे. गल्ल्यावर बसलेल्या शेट्टीअण्णांना कोणत्याही खाद्यसंस्कृतीविषयी प्रेम किंवा आकस नसतो, त्यांना खप कळतो. दहा टेबलांनी महिनाभर विचारले, तर अकराव्या टेबलासमोर येणाऱ्या मेन्यूकार्डात ती ओळ छापलेली असेल. आणि तरीही ती ओळ सोडून आपण पनीरच मागवले, तर मग निदान हॉटेलवाल्याच्या नावाने बोटे मोडणे तरी थांबवावे.