कमला कोणाची?

2024 च्या नोव्हेंबरात तामिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरम नावाच्या खेड्यात देवळात पूजा चालली होती. कमला हॅरिस अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभी, तिच्या आईचे वडील मूळचे या गावचे, म्हणून गावभर तिचे फलक. ती हरली. पण त्याआधी चार वर्षं आपल्या पेपरवाल्यांनी तिच्या अंगातलं बामणी रक्त मापाने मोजलं. गोदीत आमच्या पाळीतले लोकसुद्धा जेवणाच्या सुट्टीत म्हणायला लागले, आपली बाई. कोणाची आपली? दोस्तांनो, हे एकदा तपासलंच पाहिजे.

आई श्यामला गोपालन, तामिळ ब्राह्मण. 1958 साली एकोणीस वर्षांची पोरगी एकटी बर्कलेला शिकायला गेली. बाप दिल्ली सरकारात अधिकारी, त्याने साठवणीतला पैसा मोकळा केला. हे विसरायचं नाही. 1958 साली आमच्या वस्तीतली कोणती पोरगी परदेशी निघाली असती? आमचे आजे तेव्हा परदेशी निघालेल्या बोटींत गोण्या चढवत होते.

पण पुढे बाईने जे केलं त्याला आपला सलाम. बर्कलेत ती काळ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासमंडळात जाऊन बसली. तिथेच 1962 साली जमैकाचा डोनाल्ड हॅरिस भेटला, अर्थशास्त्र शिकणारा. 1963 ला लग्न. जात, रंग, देश, सगळ्या भिंती एका दमात ओलांडल्या. याच मंडळात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील येत. या दोघांनी 1966 साली ओकलंडला ब्लॅक पँथर काढली, आणि 1972 साली मुंबईत आपण नाव उचललं ते यांचंच. कमला जन्मली 1964 साली, त्याच ओकलंडात.

पुढे नवराबायको वेगळे झाले. श्यामला स्तनाच्या कॅन्सरवर संशोधन करायची, कामाला वेळकाळ नाही. दोन पोरी सांभाळल्या कोणी? खालच्या मजल्यावर पाळणाघर चालवणाऱ्या रेजिना शेल्टन या काळ्या बाईने. पाळणाघराच्या भिंतीवर फ्रेडरिक डग्लस, हॅरिएट टबमन. म्हणजे आपल्या घरात बाबासाहेब आणि फुले असतात तसे. रविवारी चर्चमध्ये गाणं, अधूनमधून देऊळ, सुट्टीत मद्रासला आजोबांबरोबर समुद्रावर फेरी. सगळं होतं. पण श्यामलाने ओळखलं होतं की हा देश माझ्या पोरींना काळ्या म्हणूनच बघणार, आणि तिने त्यांना ताठ मानेच्या काळ्या पोरी म्हणूनच वाढवलं.

1969 च्या सुमाराला कमला बसमध्ये बसून गोऱ्या वस्तीतल्या शाळेत जायला लागली. गोरी-काळी पोरं एकत्र शिकावीत म्हणून बर्कलेने नुकत्याच या बसगाड्या सुरू केल्या होत्या. वडील पालो आल्टोला राहायचे. सुट्टीत तिकडे गेल्या की शेजारची पोरं या बहिणींशी खेळायची नाहीत, घरून बंदी होती. कारण रंग. च्यायला, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको! तेव्हा त्या अंगणात आजोबांचं गोत्र काय कामाला आलं?

20 जानेवारी 2021 ला उपाध्यक्षपदाची शपथ घेताना कमलाने हात ठेवला तो शेल्टनबाईंच्या बायबलवर. पाळणाघरवालीच्या.

आणि रक्ताचे हे दावेदार? याच कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने 2023 साली जातिभेदाविरुद्ध विधेयक मंजूर केलं. तिथल्या काही हिंदू संघटना विरोधात उभ्या राहिल्या. ऑक्टोबरात राज्यपाल गॅव्हिन न्यूसमने सही नाकारली. जात तिकडे नाहीच म्हणे. मग कमलाची जात एवढी बरोब्बर कशी सापडली?

आता आपल्यातलेही काही तिला डोक्यावर घेऊन नाचतील. थांबा. हीच कमला सरकारी वकील झाली आणि पोरं शाळेत आली नाहीत तर आईबापांवर खटला भरायचा, अशा कायद्याच्या मागे उभी राहिली. 2011 पासून तो लागू झाला. दंड, वर वर्षापर्यंत तुरुंग. दोन पाळ्या करणाऱ्या आईचं पोर शाळा का चुकवतं, हे शेल्टनबाईंकडे वाढलेल्या पोरीला माहीत नसेल? 2019 साली तिने याबद्दल खंत बोलून दाखवली. तेव्हा ती अध्यक्षपदाची उमेदवारी मागायला निघाली होती.