शिक्षकाची रिकामी जागा

महाराष्ट्रातील शहरांत दुकानदाराच्या हाती पडणारे मालमत्ता कराचे बिल एकदा नीट वाचून पाहण्यासारखे असते. त्यात ‘शिक्षण कर’ आणि ‘रोजगार हमी कर’ अशा दोन रकमा छापलेल्या आढळतात. ज्या १९६२ च्या कायद्याने हे उपकर वसूल होतात, त्याच्या नावातही शिक्षण आणि रोजगार हमी हे शब्द शेजारी शेजारी नांदतात. कर गोळा करताना शासनाला या दोहोंचा संबंध उमगतो. पैसा खर्च करताना मात्र तो विसरला जातो. तेव्हा शिक्षण एका खात्याचे, रोजगार दुसऱ्या खात्याचा आणि समृद्धी ही बाजाराच्या कृपेची बाब होऊन बसते.

वास्तविक हे तिन्ही प्रश्न एका ठिकाणी प्रत्यक्ष भेटतात. ते ठिकाण म्हणजे खेड्यातील शाळेत शिक्षकाची भरलेली जागा. त्या एका जागेने गरिबाच्या मुलाला शिक्षण मिळते, शिकलेल्या तरुणाला काम मिळते आणि दरमहा येणारा पगार गावच्या किराणा दुकानात, शिंप्याकडे, दूधवाल्याकडे फिरू लागतो. म्हणून शिक्षकभरती ही केवळ शिक्षणखात्याची आस्थापनाविषयक बाब नव्हे. ती राज्याच्या आर्थिक धोरणाची कसोटी आहे.

या कसोटीला अलीकडचा इतिहास उतरत नाही. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधनावर काम करावे, हे तिचे सूत्र. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दीर्घकाळ ६,००० रुपयांवर अडकून पडले होते. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले. मे २०१२ मध्ये भरतीवर निर्बंध आले आणि अध्यापन पदविका घेतलेली एक अख्खी पिढी वाट पाहत वयात वाढली. ‘कायम विनाअनुदानित’ शाळांतील शिक्षकांची कथा आणखी करुण. २००९ साली त्यांच्या कपाळावरचा ‘कायम’ हा शब्द पुसण्याचे धोरण आले, परंतु अनुदान मात्र वीस-वीस टक्क्यांच्या हप्त्यांनी आणि तेही वर्षानुवर्षांच्या आंदोलनांनंतर हाती पडू लागले. जुलै २०२३ मध्ये तर रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर नेमण्याचा निर्णय झाला. पात्रता परीक्षा दिलेले तरुण दाराबाहेर आणि पेन्शनधारक पुन्हा फळ्यापाशी, असा हा न्याय! त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारी पदे खाजगी कंपन्यांमार्फत कंत्राटी पद्धतीने भरण्याचा आदेश निघाला. लोकक्षोभामुळे तो ऑक्टोबरात मागे घ्यावा लागला. आदेश गेला, त्यामागची वृत्ती गेली असे मात्र म्हणता येत नाही.

खाजगी मालकाने कामगाराला किमान वेतन द्यावे असा कायदा करणारे शासन स्वतः मालक झाले की ‘सेवक’, ‘मानधन’, ‘तासिका’ असे शब्द शोधते. हे शब्द निरागस नाहीत. वेतन हा हक्क असतो, मानधन ही मर्जी असते.

यावर तिजोरीचे रक्षक ठराविक उत्तर देतात: वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुलाचा मोठा वाटा जातो, नव्या जागांसाठी पैसा आणायचा कोठून? प्रश्न गैर नाही. पण याच राज्याने त्याचे उत्तर पूर्वी दिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७५ साली तिच्यासाठी व्यवसाय कर बसला, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या पगारदाराने कर द्यावा, तितकीच रक्कम राज्याने घालावी आणि त्यातून दुष्काळी तालुक्यातील मजुराच्या हाताला काम मिळावे, ही त्यामागची अर्थनीती होती. त्या योजनेत हजेरीपटाच्या लबाड्या झाल्या, अर्धवट सोडलेली कामेही झाली. तरीही २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला वाट याच प्रयोगाने दाखवली. पैसा आधी नव्हता; निश्चय झाला, मग पैसा उभा राहिला.

दुसरा आक्षेप कमी पटाचा. वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ कराव्यात, असे प्रस्ताव २०२३ मध्ये मागवले गेले. दर मुलामागचा खर्च कागदावर जास्त दिसतो, हे खरे. परंतु तो हिशेब करताना पाड्यावरची मुलगी ओढा ओलांडून दूरच्या शाळेत जाईल की घरी धाकट्या भावाला सांभाळत बसेल, ही रक्कम कोणी मांडत नाही. शिक्षणहक्क कायद्याने मुलांना परिसरातच शाळेचे जे वचन दिले, ते पट पाहून दिलेले नव्हते.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हाच मुद्दा मांडला होता: महसूल रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हा संस्थानची तिजोरी काही ओसंडून वाहत नव्हती. कोठारी आयोगाने १९६६ साली सुचवलेली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांची पातळी देशाने कधीच गाठली नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाला तीच पुन्हा लिहावी लागली.

सर्व सुशिक्षित बेकार शिक्षक होतील, असे कोणी म्हणत नाही. उद्योग, शेतीप्रक्रिया, आरोग्यसेवा यांतही कामे निर्माण झाली पाहिजेत. परंतु जे काम समोर पडले आहे, जे करणारे हात तयार आहेत आणि ज्याच्या नावाने कर वसूल होतो, ते काम शासन करीत नसेल, तर उरलेल्या आश्वासनांवर विश्वास कसा ठेवावा?

कार्यकर्त्यांनी म्हणून सुरुवात आपल्या गावापासून करावी. शाळेत मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांत मानधनावरील किती, हे तीन आकडे मिळवावेत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावेत. ज्याच्या मुलाच्या वर्गात शिक्षक नाही तो बाप आणि पदविका घेऊन घरी बसलेला तरुण त्या सभेत एकाच सतरंजीवर बसलेले असतील. आपली मागणी एकच आहे हे त्या दोघांना उमगेल, त्या दिवशी ही रिकामी जागा फार काळ रिकामी ठेवणे कोणत्याही सरकारला परवडणार नाही.