जर्नलमधले २०० गिगापास्कल

इंजिनिअरिंगच्या मुलांना हाताने काम करून शिकू द्या म्हटलं की स्टाफरूममध्ये उत्तर तयार असतं: "प्रॅक्टिकल्स आहेतच की! आणखी वेळ दिला तर सिलॅबस कधी संपायचा?" या उत्तराचे दोन्ही भाग मला अमान्य आहेत.

आहेत ती प्रॅक्टिकल्स कशी असतात? यूटीएम या चाचणी-मशीनवर माइल्ड स्टीलची सळई ओढायची, लोड आणि वाढ टिपायची, यंगचा स्थितिस्थापकता गुणांक काढायचा. वाढ मशीनच्याच पट्टीवर वाचली तर उत्तर पुस्तकातल्या २०० गिगापास्कलच्या पुष्कळ खाली येतं. जबड्यांत सळई किंचित सरकते, मशीनचा सांगाडाही थोडा ताणला जातो, आणि ते सगळं सळईच्या नावावर जमा होतं. म्हणून तर फक्त सळईची वाढ मोजणारा एक्स्टेन्सोमीटर सळईवरच बसवतात. मोजमाप म्हणजे काय, हे कळायची हीच जागा. आमच्या बॅचने मात्र सीनियरच्या जर्नलवरून रीडिंग उतरवली, २०० लिहिलं आणि सही घेतली. ज्याने खरं आलेलं उत्तर लिहिलं, त्याला "पुन्हा कर" म्हणून परत पाठवलं.

नताशा होम्स आणि कार्ल वीमन यांनी तीन संस्थांतले पदार्थविज्ञानाचे नऊ प्रयोगशाळा-अभ्यासक्रम तपासले. लेक्चरमधला भाग पक्का व्हावा म्हणून आखलेल्या त्या प्रयोगांनी परीक्षेतल्या कामगिरीत मोजण्याजोगा फरक पडला नव्हता. पायरीपायरीने कृती लिहून दिली की ठरवायला काही उरतच नाही.

यावरून प्रयोगच निरुपयोगी ठरवणं चूक आहे. विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणितातल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये निघाला. नुसत्या लेक्चरच्या वर्गात सुमारे ३४ टक्के नापास, मुलांना स्वतः सोडवायला लावलेल्या वर्गात २२ टक्के. सिलॅबस फळ्यावर संपवून काय साधलं, ते या आकड्यांत दिसतं. "पण मुलांनाच लेक्चर आवडतं!" असेल. हार्वर्डमध्ये २०१९ साली तेही पाहिलं गेलं: सक्रिय वर्गातली मुलं शिकली जास्त, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं.

मुलांना मशीनपाशी वाऱ्यावर सोडा, असं मी म्हणत नाही. नवशिक्याला शिक्षक जवळ हवाच. दहा प्रयोगांचे पाच करा. तीच सळई एकदा पट्टीवर, एकदा एक्स्टेन्सोमीटरने मोजू द्या. आणि ओरलला एवढंच विचारा, "तुझं उत्तर २०० का आलं नाही?" गुण त्या उत्तराला द्या.