पहारेकऱ्याची मेमरी, ग्राहकाची पुंजी

1882 मध्ये अँग्लो-इंडियन समाजाची शेतीप्रधान वसाहत म्हणून वसलेले बेंगळुरूचे व्हाइटफील्ड आज संगणक उद्योगाचे मोठे केंद्र आहे. भारत-सिंगापूर सहकार्यातून उभ्या राहिलेल्या इंटरनॅशनल टेक पार्कसारख्या तेथील संकुलांत सारा व्यवहार ई-मेलवर चालतो. नोकरदारांच्या पगारखात्याच्या सूचनाही पुष्कळदा कार्यालयीन पत्त्यावरच येतात. म्हणूनच मेल सर्व्हरच्या दाराशी उभा असलेला स्पॅम फिल्टर किती मेमरी वापरतो, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. तो बँक ग्राहकाचाही आहे.

2001 पासून प्रचारात असलेल्या स्पॅमअसॅसिन या मुक्त प्रणालीचे उदाहरण बोलके आहे. तिची मुख्य प्रक्रिया साहाय्यक प्रक्रियांकडून ई-मेल तपासून घेते. या साहाय्यकांची मूळ मर्यादा 5 आहे. ती अविचाराने वाढविली, की मेमरी अपुरी पडते, सर्व्हर डिस्कचा आधार घेऊन मंदावतो आणि अखेरीस लिनक्स एखादी प्रक्रिया स्वतःच बंद पाडते. खरा धोका यापुढे आहे. तपासनीस उत्तर देईनासा झाला, तर मूळ रचनेनुसार ई-मेल अडत नाही, तो न तपासताच पुढे जातो. बँकेच्या नावाने धाडलेला बनावट ई-मेलही त्यांतच असू शकतो.

अशा वेळी फिल्टर बंद करणे किंवा तडकाफडकी जादा मेमरी विकत घेणे, हे दोन्ही उपाय घाईचे होत. आधी हिशेब नीट मांडावा. संयुक्त खात्यातील शिल्लक प्रत्येक खातेदाराच्या नावे स्वतंत्र मोजली, तर बेरीज फुगते. साहाय्यकांनी वाटून घेतलेल्या मेमरीचेही तसेच होते. खरा वापर पाहून साहाय्यकांची संख्या ठरवावी, निरुपयोगी जादा नियम काढावेत आणि ठरावीक तपासण्यांनंतर जुन्या साहाय्यकाच्या जागी नवा येऊ द्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, फिल्टर कोलमडल्यास ई-मेल सोडावा की थोपवावा, हा निर्णय व्यवस्थापनाने आधीच घ्यावा. तासभराचा विलंब भरून निघतो. फसवणुकीत गेलेली पुंजी सहसा परत येत नाही.

खऱ्या-खोट्याची पारख सुलभ व्हावी, यासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या नावाखाली येण्यास सांगितले व 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली. ग्राहकाने ई-मेलमधील दुव्यात हे नाव शेवटी आहे ना, ते अवश्य पाहावे. मात्र पासवर्ड वा ओटीपी मागणारा ई-मेल कोणत्याही नावाने येवो, त्याला उत्तर देऊ नये.